फोटो ‘नीट’ करून द्या: पेन्सिलीपासून सॉफ्टवेअरपर्यंतचा मुंबईचा प्रवास

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात आमच्या पार्ल्यापासून करू. विलेपार्ले स्टेशनवर गाडीचं दार उघडलं की बिस्किटांचा वास यायचा, हे तुम्ही आईबाबांकडून ऐकलं असेल. 1929 साली सुरू झालेला तो कारखाना 2016 मध्ये बंद झाला आणि वासही गेला. पण पुड्यावरची ती छोटी मुलगी अजून आहे. आता प्रामाणिकपणे सांगा, तो फोटो आहे की चित्र?

बहुतेक जण फोटो म्हणतात. ती मुलगी आता कोण आहे, कुठे राहते, याचे फॉरवर्डही दरवर्षी फिरतात. कंपनीने मात्र स्पष्ट सांगितलंय की 1960 च्या दशकात एव्हरेस्ट क्रिएटिव्ह या जाहिरात संस्थेतले चित्रकार मगनलाल दैय्या यांनी काढलेलं ते चित्र आहे. म्हणजे देशातला बहुधा सगळ्यात जास्त वेळा छापला गेलेला ‘फोटो’ हा फोटोच नाही!

हे आठवायचं कारण म्हणजे एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज. मुलगी पार्ले पूर्वेची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिला फोटोग्राफीतच पोट भरायचंय आणि पहिली पैसे देणारी ऑर्डर मिळालीय, ओळखीतल्या एका मुंजीची. मामा म्हणतो फोटोशॉप घे. मित्र म्हणतो लाइटरूम. क्लासमधला एक जण म्हणतो, पैसे कशाला भरतेस, मी ‘करून’ देतो. आणि आई म्हणते, फोनमध्ये होतं की सगळं! तिचा प्रश्न साधा आहे: घेऊ काय?

उत्तर देणार आहे, पळून जाणार नाही. पण आधी थोडं मागे जाऊ, कारण या सॉफ्टवेअरमधलं जवळपास प्रत्येक बटण कधीकाळी कुणाच्या तरी हातातलं हत्यार होतं. ते हत्यार काय करायचं हे कळलं की निवड सोपी होते.

1854: कात्री आली कॅमेऱ्याच्या पाठोपाठ

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली. देशातली ही अशी पहिली संस्था. लंडनची संस्था निघून दोन वर्षंही झाली नव्हती, म्हणजे आपण काही फार मागे नव्हतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथले क्रियाशील सभासद आणि चांगले फोटोग्राफर होते. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. ‘आवड म्हणून की पोटासाठी’ हा आपल्या श्रोतीचा प्रश्न या शहरात तेव्हापासूनचा आहे.

याच मंडळींत एक होता विल्यम जॉन्सन. त्याने 1863 आणि 1866 साली दोन खंडांत मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो प्रसिद्ध केले. माणसं उभी आहेत, मागे मुंबईतलं एखादं ठिकाण दिसतंय, अशी ती चित्रं. गंमत अशी की त्यांतल्या कितीतरी चित्रांत ती माणसं त्या जागी उभीच नव्हती! माणसांचा फोटो एकीकडे, देखावा दुसरीकडे, आणि छापताना दोन्ही जोडलेले. नीट पाहिलं तर माणसाच्या कडा कापल्यासारख्या दिसतात आणि सावली जुळत नाही.

असं का केलं? तेव्हा काचेवर ओलं रसायन लावून ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. बाहेर जायचं तर अंधारखोली सोबत न्यावी लागे. त्यात माणसांनी काही सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं. स्टुडिओत हे जमायचं, रस्त्यावर कठीण. म्हणून कापाकापी.

आज याला लेयर आणि मास्क म्हणतात. तंत्र तेच. प्रश्नही तोच, कारण जॉन्सनची चित्रं ‘मुंबईचे लोक असे दिसतात’ याचा पुरावा म्हणून पाहिली गेली. जोडलेलं चित्र जोडलेलं आहे असं सांगून दाखवणं वेगळं, आणि पुरावा म्हणून दाखवणं वेगळं. हा मुद्दा बाजूला ठेवा, शेवटी लागणार आहे.

काकांची पेन्सिल

आता जरा जवळच्या काळात येऊ. माझ्या लहानपणी आमच्या भागात एक फोटोवाले काका होते. शाळेचे फोटो, पासपोर्टचे फोटो आणि मुख्य म्हणजे लग्नासाठी ‘दाखवायचे’ फोटो. त्यांच्या दुकानाच्या आतल्या खोलीत एक तिरकं लाकडी डेस्क होतं. मधोमध दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेतून वर यायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची.

काका निगेटिव्हवर एक चिकटसर द्रव पुसायचे, म्हणजे पेन्सिल धरते. मग सुईसारखं टोक केलेली कडक पेन्सिल घेऊन बारीक बारीक स्वल्पविराम काढत बसायचे. हे काम कसं चालतं बघा. चेहऱ्यावरची सुरकुती किंवा मुरमाचा डाग फोटोत काळसर दिसतो, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती जागा जास्त पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीचं शिसं भरलं की उजेड अडतो आणि छापलेल्या फोटोत तो भाग उजळ होतो. सुरकुती गेली! उलट काही गडद करायचं असेल तर चाकूच्या टोकाने निगेटिव्हवरचा थर हलकेच खरवडायचा. चुकलात तर संपलं. अन्डू नव्हतं.

फोटो मोठा करताना आणखी एक खेळ. एन्लार्जरच्या दिव्याखाली कागद ठेवला की एखाद्या भागावर काही सेकंद सावली धरायची, म्हणजे तो भाग उजळ राहतो. त्यासाठी तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती. आणि एखादा भाग गडद करायचा तर मूठ अशी धरायची की उजेड फक्त तिथेच जास्त वेळ पडेल. आता फोटोशॉप उघडा आणि डॉज टूलचं चित्र बघा: काडीला लावलेली चकती. बर्न टूलचं चित्र: मूठ केलेला हात. काकांचाच हात तो!

‘अनशार्प मास्क’ हे नावही असंच. फोटो स्पष्ट करणाऱ्या गोष्टीचं नाव ‘अनशार्प’ कसं? कारण अंधारखोलीत निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्यावरच ठेवून छापलं की कडा जास्त ठसठशीत यायच्या. पद्धत गेली, नाव राहिलं.

पण या पेन्सिलीची दुसरी बाजूही सांगायला हवी. काकांकडे सगळ्यात जास्त वेळा येणारी मागणी होती, ‘जरा गोरी करून द्या.’ मुलगी बाजूला उभी असायची आणि तिच्यासमोर तिची आई किंवा आत्या हे सांगायची. काका करून द्यायचे. त्यांचं पोट होतं त्यावर. पुढे पाहुणे घरी येऊन फोटोकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघायचे तेव्हा काय होत असेल, ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा. आज फोनमधलं ब्यूटी फिल्टर न विचारताच हे काम करतं. तेव्हा निदान कुणाला तरी तोंडाने मागावं लागायचं.

याच मुंबईत दुसरी वाट धरणारेही होते. गौतम राजाध्यक्ष मूळचे रसायनशास्त्राचे, मग लिंटास या जाहिरात कंपनीत, आणि पुढे चेहऱ्यांचे फोटोग्राफर. 1997 साली त्यांचं ‘फेसेस’ हे पुस्तक आलं. त्यांचे फोटो बघताना आधी नजरेत भरतो तो मऊ प्रकाश. चेहरा कसा दिसेल याचा मोठा भाग शटर दाबण्याआधीच ठरतो, हे त्यांच्या फोटोंवरून शिकावं. जो प्रकाश तिथे पाडलाच नाही, तो कुठलंच सॉफ्टवेअर नंतर आणून देत नाही.

फाळक्यांनी काय विकत घेतलं?

‘कुठलं साधन घेऊ’ या प्रश्नाचा आपल्याकडचा सगळ्यात भारी किस्सा दादासाहेब फाळक्यांचा. आपण त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मुळे ओळखतो. पण त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं बघा. 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, तिथे फोटोग्राफी आणि छपाईचं तंत्र. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. पुन्हा बडोद्यात स्टुडिओ काढला, तर कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक येईना. मग पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर-ड्राफ्ट्समन, राजा रविवर्मांच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यासाठी काम, स्वतःचा छापखाना, 1909 मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनी, आणि भागीदारांशी न पटल्याने सगळं सोडून बाहेर.

मग गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि चक्रं फिरली. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी यंत्र विकत घेतलं नाही! आधी महिनोन्‌महिने मिळतील ते सिनेमे पाहिले, इतके की डोळ्यांवर परिणाम झाला. सिनेमावरची इंग्रजी साप्ताहिकं वाचली. विम्याची पॉलिसी तारण ठेवून 1912 च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथे गेल्यावरही थेट दुकानात न जाता ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना भेटले. कॅबर्ननी आधी परावृत्तच केलं, पण हा माणूस तयारीचा आहे हे दिसल्यावर मदत केली आणि हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत काम बघायची सोय करून दिली. मग घेतला विल्यमसन कंपनीचा कॅमेरा.

कच्च्या फिल्मला कडेची भोकं आपणच पाडावी लागायची. परत आल्यावर ते काम घरी अंधारात सरस्वतीबाई फाळके करायच्या. आणि पहिला प्रयोग कसला? कुंडीतला वाटाणा! रोज थोडं थोडं चित्रण करून बी रुजतं, वेल वाढते, हे एक-दोन मिनिटांत दाखवलं. ‘अंकुराची वाढ’. ते दाखवून भांडवल उभं केलं, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

आपल्या कामाचं यात काय? तीन गोष्टी. आधी काम ठरलं, मग साधन. साधन घेण्याआधी ते रोज वापरणाऱ्याला विचारलं. आणि घेतल्यावर मोठ्या कामाआधी वाटाण्यावर हात बसवला.

तळघरातल्या अंधारखोलीतून

आता कॉम्प्युटर. अमेरिकेत मिशिगनला ग्लेन नोल नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या घराच्या तळघरात अंधारखोली होती आणि तिथे त्यांची दोन मुलं, थॉमस आणि जॉन, फोटो धुवायला शिकली. 1987 मध्ये पीएचडी करत असताना थॉमसच्या मॅकच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दिसेनात, म्हणून त्याने त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला. जॉन तेव्हा सिनेमांचे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या कंपनीत होता. त्याला हे कामाचं वाटलं. दोघांनी ते वाढवलं आणि फेब्रुवारी 1990 मध्ये अडोबीने ते फोटोशॉप म्हणून बाजारात आणलं. लेयर आले 1994 मध्ये. चकती आणि मूठ त्यात कशी शिरली, हे आता लक्षात आलं असेल.

दुसरं वळण म्हणजे रॉ फाइल. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने शिजवून दिलेलं ताट. रॉ म्हणजे शिधा, स्वयंपाक तुमचा. लग्नाचे दोन हजार फोटो एकेक करून फोटोशॉपमध्ये उघडणं अशक्य, म्हणून 2005 मध्ये ॲपलचं ॲपर्चर आणि 2007 मध्ये अडोबीचं लाइटरूम आलं: निवड, वर्गवारी आणि एका फोटोवर केलेलं काम शंभर फोटोंना लावणं. मूळ फाइलला हात न लावता फक्त सूचना वेगळ्या लिहून ठेवणं. काकांच्या चाकूपेक्षा किती सुरक्षित!

पण ॲपर्चरचं काय झालं? 2014 मध्ये ॲपलने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांची वर्षांची मेहनत त्यात होती त्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. 2013 मध्ये अडोबीने फोटोशॉपच्या नवीन आवृत्त्या विकणं थांबवून भाड्याची पद्धत आणली. म्हणजे फोटोशॉप आता घर नाही, पागडीही नाही. दरमहा भाडं द्या, नाहीतर कुलूप.

याच काळात दुसऱ्या बाजूला फुकट आणि खुल्या साधनांची वाट तयार होत होती. 1995-96 मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प तयार केलं. 2009 पासून डार्कटेबल आलं, ते लाइटरूमसारखं रॉ फाइलींचं काम करतं. रॉथेरपी त्याच पंगतीतलं. आणि फोनवर स्नॅपसीड, 2012 पासून गूगलकडे, फुकट.

माझी चूक

मधे एक कबुली. मी सुरुवातीला कुठलंच भाडं भरलं नाही. ओळखीच्या एका दुकानातून ‘क्रॅक’ टाकून घेतलं. सगळेच घ्यायचे. आत्तेभावाच्या मुंजीचे फोटो मी काढले होते. चार दिवसांनी त्या क्रॅकसोबत आलेल्या कशाने तरी हार्ड डिस्कवरच्या फाइली उघडेनाशा झाल्या. कार्ड मी आधीच पुसून पुढच्या कामाला वापरलं होतं. आत्याला नमुना म्हणून ईमेल केलेले चौदा फोटो तेवढे वाचले. मातृभोजनाचा एकही नाही. आत्या मला काही बोलली नाही. पण अल्बमचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही, आणि मला ते अजून टोचतं. त्यामुळे ‘मी करून देतो’वाल्या मित्राला नम्रपणे नाही म्हण. आपण विकतोय ती दुसऱ्याची पुन्हा न येणारी दुपार असते.

तर मग घेऊ काय?

आता तुझ्यासाठी सरळ उत्तर.

पहिलं, काम बघ. मुंज म्हणजे आठशे-हजार फोटो, पहाटेपासून दुपारपर्यंत, हॉलमध्ये पिवळे दिवे आणि खिडकीतला निळसर उजेड एकत्र. यात नव्वद टक्के काम निवडीचं आणि रंग सारखे करण्याचं आहे. त्यासाठी लाइटरूम किंवा डार्कटेबल हवं, फोटोशॉप नाही. फोटोशॉप किंवा गिम्प लागेल ते शेवटच्या वीस-पंचवीस फोटोंना: मागची फायर एक्स्टिंग्विशरची लाल नळी काढायला, बटूच्या चकचकीत डोक्यावरचा फ्लॅश कमी करायला.

दुसरं, पुढे कुणाशी देवाणघेवाण करायचीय ते बघ. अल्बम डिझाइन करणारे बहुतेक जण पीएसडी फाइली मागतात. एखाद्या स्टुडिओत मदतनीस म्हणून जाणार असशील, तर तिथे अडोबीचंच राज्य असण्याची शक्यता जास्त. जिथे शिकायचंय तिथली भाषा यायला हवी.

तिसरं, मराठी. अल्बमवर ‘उपनयन संस्कार’ लिहायचंय ना? जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटायची, म्हणून अनेक दुकानं वर्षानुवर्षं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर चालली. आता नवीन आवृत्त्यांमध्ये जोडाक्षरं नीट येतात. कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ‘संस्कार’, ‘र्‍हस्व’ आणि ‘श्री’ लिहून बघ. दहा सेकंदांची परीक्षा आहे.

चौथं, भाड्याचं गणित. महिन्याचं भाडं गुणिले बारा, भागिले वर्षाच्या खात्रीच्या ऑर्डरी. आत्ता तुझ्याकडे खात्रीची ऑर्डर एक आहे. म्हणून माझा सल्ला: पहिले तीन-चार महिने डार्कटेबल आणि गिम्प. शिकायला जरा आडदांड आहेत, लॅपटॉप जुना असेल तर धापही टाकतील, पण एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, कर्व्ह हे जे शिकशील ते कुठेही चालेल. ऑर्डरी लागल्या, डिझायनर पीएसडी मागायला लागला, की अडोबीचं भाडं सुरू कर, आणि ते तुझ्या दरात धर. आईचंही बरोबर आहे. मुंज चालू असताना नातेवाइकांना दहा फोटो पाठवायला स्नॅपसीड उत्तम.

पाचवं, आणि मी सगळ्यात आधी हेच सांगायला हवं होतं: सॉफ्टवेअर जाईल, बंद होईल, भाडं वाढेल. म्हणून रॉ फाइली तीन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर. पूर्ण झालेला प्रत्येक फोटो मोठ्या आकाराच्या जेपेगमध्येही काढून ठेव, म्हणजे उद्या कुठलंही कुलूप लागलं तरी मुंज तुझ्या हातात राहील. फोटो पोचले असं घरच्यांनी सांगेपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

आणि जॉन्सनचा तो मुद्दा. लाल नळी काढलीस तर हरकत नाही. पण कुणीतरी हळूच म्हणेल, ‘हिला जरा उजळ कर’ किंवा ‘गैरहजर काकांना मागे उभं कर.’ तेव्हा काय म्हणायचं, हे आधी ठरवून ठेव. फोटोवाल्या काकांकडे नाही म्हणायची सोय फार नव्हती. तुझ्या दरपत्रकात एक ओळ लिहायची सोय तुला आहे: रंग नीट केले जातील, कातडीचा रंग बदलला जाणार नाही. काही गिऱ्हाइकं जातील. जी राहतील ती पुढच्या मुंजीलाही बोलावतील.

मुंज कधी आहे ते कळव, आणि त्याआधी घरातल्या वाटाण्यावर, म्हणजे धाकट्या भावावर, शंभर फोटोंचा सराव कर.

बाकी मंडळींना एक काम. घरातला 1990 आधीचा एखादा स्टुडिओतला फोटो काढा. निगेटिव्ह असेल तर ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. गालाजवळ पेन्सिलीचे बारीक स्वल्पविराम दिसले तर आम्हाला नक्की सांगा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा की काय ‘नीट’ करायला सांगितलं होतं. त्या गोष्टी पुढच्या भागात वाचू. तोवर बॅकअप घ्या!